उभ्या गाडीची वॉरंटी

काकूंना गाडी चालवता येत नव्हती. चालू करता येत होती. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक असतो हे त्यांना चार वर्षं कोणी सांगितलं नाही, आणि ज्याने सांगायचं त्याने नेमकं उलटंच सांगून ठेवलं होतं.

रोज सकाळी चहा झाला की काकू जिना उतरून खाली जायच्या. गाडीवरचं कव्हर काढून त्याची घडी घालायच्या, तीही अगदी कापडाच्या दुकानात घालतात तशी, कडेला कड जुळवून. उभा जन्म शिवणकामात गेलेल्या बाईला कापडाचा बोळा करणं जमतच नाही. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसायच्या. सीट मुलाच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. काकूंचा पाय क्लचपर्यंत जेमतेम पोचायचा, म्हणून त्या सीटच्या कडेवर टेकून बसायच्या. सीट पुढे घ्यायचा दांडा कुठे असतो हे त्यांना माहीत होतं, पण त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. किल्ली फिरवायची, गाडी गुरगुरायला लागली की समोरच्या घड्याळात दहा मिनिटं बघायची, बंद करायची, पुन्हा कव्हर घालायचं. डिझेल संपत आलं की खालच्या पोराकडून कॅनभर आणवून टाकीत ओतून घ्यायचं.

सुरुवातीला शेजाऱ्यांनी चेष्टा करून घेतली.

"काय काकू, आज कुठपर्यंत?"

"लांब जायचंय आज. जेवायला थांबू नका," काकू म्हणायच्या.

पुढे शेजाऱ्यांनाही सवय झाली. कुणी पहाटे फिरायला जातं, कुणी झाडांना पाणी घालतं, तशा काकू गाडी चालू करतात, एवढंच.

त्या दहा मिनिटांत काकूंना काय वाटायचं ते आडपडदा न ठेवता सांगून टाकलेलं बरं. त्यांना मुलाची आठवण यायची. घरात वरती मशीन होतं, गिऱ्हाइकांच्या पँटी होत्या, पडदे होते, बदलायच्या चेनी होत्या. तिथे आठवणीला बसायला जागा नव्हती. गाडीत मात्र दुसरं काही नव्हतंच.

मुलगा परदेशात नोकरीला होता. नवरा गेल्यावर काकूंनी त्याला एकटीने वाढवलं, शिकवलं, आणि तो शिकल्यावर जे व्हायचं तेच झालं. निघायच्या आठवडाभर आधी त्याने ही गाडी घेतली. डिझेलची, कोरी करकरीत, वर वाढीव वॉरंटीही काढून दिलेली. "वर्षभराचा तर प्रश्न आहे, आई. आलो की लागेलच," तो म्हणाला होता. वर्षाची दोन झाली, दोनाची चार झाली. मध्ये एकदा आला, तोही चार दिवसांसाठी, आणि ते चारही दिवस तापाने फणफणून अंथरुणात काढले. गाडीत बसलाच नाही. पण गाडी दारात होती, म्हणजे तो येणार होता. काकूंचा हिशेब इतका सरळ होता.

फोनवर मात्र त्या हे चुकूनही बोलायच्या नाहीत. "तुझ्या सोयीने ये रे राजा, इथे काही अडलेलं नाही," असं म्हणायच्या. हे वाक्य जगातल्या ज्या कुणा आईने पहिल्यांदा उच्चारलं, तिला एकदा समोर बसवून विचारायला हवं की बाई, काय मिळवलंस?

तर अशा या गाडीत एका सकाळी पिवळा दिवा लागला. काकूंनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण दिवा शांतपणे जळत होता, काही बोलत नव्हता. पुढच्या आठवड्यात आणखी एक दिवा लागला, गाडी खोकायला लागली, आणि एका सकाळी नुसती घरघरून गप्प बसली. शोरूमला फोन केला. त्यांनी गाडी ओढून नेली. दोन दिवसांनी काकूंना बोलावणं आलं.

शोरूम म्हणजे नुसती काच. आत थंडगार, आणि नव्या गाड्यांचा वास. सर्व्हिस मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड होता, आणि त्याच्या कोटाच्या बाह्या दीड बोट लांब होत्या. काकूंचं लक्ष आधी तिकडे गेलं.

"मॅडम, फिल्टर गेलाय," तो म्हणाला. "डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला एक फिल्टर असतो. गाडी वेगात पळाली की तो तापतो आणि काजळी आतल्या आत जळून जाते. तुमचा पार चोंदलाय. नवीन टाकावा लागेल."

"टाका की मग. वॉरंटी आहे."

"तोच प्रॉब्लेम आहे. वॉरंटीत हे बसत नाही. चुकीच्या वापराने झालेलं नुकसान आम्ही देत नाही." आणि त्याने खर्चाचा आकडा सांगितला. तो ऐकून काकूंना आधी वाटलं की हा नव्या गाडीची किंमत सांगतोय.

"चुकीचा वापर?" काकू म्हणाल्या. "अहो, मी वापरलीच नाही!"

मॅनेजरने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. गाडी सगळं लिहून ठेवते. ही हजारावर वेळा चालू झालीय, आणि जवळजवळ हललेलीच नाही. चालू, बंद. चालू, बंद. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदा बघतोय. राग मानू नका, पण तुम्ही गाडीत नेमकं करत काय होता?"

काकूंना एकदम शरमल्यासारखं झालं. आपल्या कपाटाचा खण परक्या माणसाने उघडून बघावा तसं.

"बसत होते," त्या म्हणाल्या.

मॅनेजरने पडदा पुन्हा स्वतःकडे वळवून घेतला.

घरी येऊन काकूंनी मुलाला फोन लावला. तो घाईत होता. "सोड ना, आई! एवढा खर्च कशाला? तशीच देऊन टाक त्यांना. भंगारात घातल्यासारखं कमी देतील, पण डोक्याचा ताप तरी जाईल. नाहीतरी उभीच असते."

"तू आलास की लागेल ना," काकू म्हणाल्या.

"तेव्हाचं तेव्हा बघू गं."

फोन ठेवल्यावर काकू मशीनपुढे येऊन बसल्या. खाली गाडीची जागा मोकळी होती. तिथे तेलाचा डागसुद्धा नव्हता, इतकी ती गाडी सज्जन होती. आता तिथे कुणाची तरी स्कूटर लागेल, मग दुसरी लागेल. मग कधीतरी कुणीतरी विचारेल, काकू, मुलगा काय म्हणतो, आणि दाखवायला काकूंकडे काही नसेल. फिल्टर गेला तर गेला, पण गाडी गेली तर तो येणार आहे या म्हणण्याला पायच उरत नव्हता. काकूंनी पदर खोचला, असं म्हणायला हवं, पण त्यांनी पंजाबी ड्रेस घातला होता. त्यांनी पर्स उचलली आणि पुन्हा शोरूम गाठलं.

"तुम्हीच सांगितलं होतं," त्या मॅनेजरसमोर बसत म्हणाल्या. "गाडी उभी राहणार असेल तर रोज दहा मिनिटं चालू ठेवा म्हणून. तुमच्या सेल्समनने सांगितलं. मी सांगितल्याबाहेर एक दिवस वागले नाही. ताप असतानासुद्धा खाली उतरलेय."

"मॅडम, असं आमचा माणूस सांगणार नाही. रोज दहा मिनिटं जागेवर चालू ठेवूनच तर ही काजळी साचलीय."

"सांगितलं."

"तो सेल्समन आता इथे नाही. तो नोकरी सोडून गेला."

"तो गेला. मी आहे. शोरूम आहे. गाडी आहे. मग कोण नाही म्हणायचं?"

मॅनेजरने खुर्चीत पाठ टेकली. ठेवणीतलं हत्यार काढताना माणूस जरा ऐसपैस बसतो, तसा तो बसला. "हे बघा मॅडम, आमच्याकडे गाडी ताब्यात देतानाचं पूर्ण रेकॉर्डिंग असतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाजासकट. गिऱ्हाईक पुढे म्हणतं ना, आम्हाला हे सांगितलंच नव्हतं, म्हणून कंपनीने ही पद्धत पाडलीय. त्यात सगळं स्वच्छ असतं."

"मग लावा," काकू म्हणाल्या.

"आत्ता?"

"मला आज दुसरं काम नाही."

मॅनेजरने शोधून ते काढलं. पडद्यावर हेच शोरूम दिसलं, हीच काच, आणि मधोमध गाडी, फुग्यांची माळ घातलेली. मग बाजूने मुलगा चालत आला.

काकू खुर्ची ओढून पडद्याच्या जवळ सरकल्या. मुलगा बारीक होता तेव्हा. निळा शर्ट होता, त्यांनीच शिवलेला, कॉलर जराशी घट्ट झाली होती आणि तो तिच्यात सारखं बोट घालत होता. फोनवर चेहरा दिसतो, पण फोनवर माणूस चालत नाही. त्याची ती जरा पोक काढून चालायची ढब काकूंनी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. वॉरंटी, फिल्टर, मॅनेजर, सगळं क्षणभर त्यांच्या डोक्यातून गेलं.

पडद्यावर सेल्समन दिवे, वायपर, काचा असं एकेक दाखवत होता. मग मुलगा म्हणाला, "मी वर्षभर नाहीये. आई चालवत नाही. उभी राहिली तर चालेल ना?"

"काही होत नाही सर!" सेल्समनचा आवाज खणखणीत होता. "रोज सकाळी दहा मिनिटं फक्त स्टार्ट करून ठेवायची. बॅटरीला बरं, इंजिनला बरं. हलवायची गरजच नाही."

"क्लच दाबूनच ना?" पडद्यातल्या काकूंनी विचारलं, आणि शाळेतल्या मुलीसारखं बोटावर मोजत सगळं परत म्हणून दाखवलं. "शाब्बास!" सेल्समन म्हणाला.

मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्याने काकूंचं तोंड बंद करायचं त्याच रेकॉर्डिंगने त्याचंच तोंड बंद केलं होतं. त्याने हळूच माऊसकडे हात नेला. "ठीक आहे मॅडम, बंद करतो."

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "जरा बघू द्या त्याला."

आणि इथेच चुकलं. तिथे थांबल्या असत्या तर गाडीही मिळाली असती आणि बाकीचंही जसंच्या तसं राहिलं असतं. पण समोर मुलगा चालत-बोलत असताना कुठली आई बंद करा म्हणेल?

पडद्यावर काकू सीट कव्हरं बघायला पलीकडच्या काउंटरकडे निघून गेल्या. मुलगा आणि सेल्समन दोघेच राहिले. सेल्समनने गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, "सर, वर्षानं येणार, तर गाडी आत्ता कशाला घेतलीत? आल्यावर नवं मॉडेल मिळालं असतं."

मुलाने मागे वळून आई किती लांब आहे ते पाहिलं. मग म्हणाला, "खरं सांगू? मी परत येईन असं मला नाही वाटत. पण आईला तोंडावर सांगायची माझ्यात हिंमत नाही. दारात गाडी असली की तिला वाटत राहील, मी येणारे. तेवढंच बरं वाटेल तिला."

सेल्समन यावर काहीतरी "हो, हो" असं पुटपुटला. मुलाने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. तेवढ्यात पडद्यातल्या काकू तरातरा परत आल्या. "ही शिवण वर्षभरात उसवणार बघा, धागाच कच्चा आहे," त्या म्हणाल्या. मुलाने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. पडद्यातल्या काकू हसत होत्या. त्यांच्याइतकं सुखी त्या शोरूममध्ये कुणी नव्हतं.

मॅनेजरने रेकॉर्डिंग बंद केलं. तो जरा वेळ टेबलावरचं पेन इकडून तिकडे ठेवत राहिला.

"काकू," तो म्हणाला, इतका वेळ मॅडम म्हणणारा. "फिल्टर आम्ही वॉरंटीत बदलून देतो. एक पैसाही लागणार नाही."

"तो तर तुम्ही बदलणारच," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, त्याचं त्यांनाही नवल वाटलं. "लेखी द्या. आणि यापुढे कुणाला दहा मिनिटांचं सांगू नका."

त्याने लेखी दिलं. पाणी मागवलं. काकू पाणी प्यायल्या, उठल्या, आणि काचेचं दार ढकलायचं की ओढायचं तेच त्यांना कळेना. मॅनेजरने पुढे होऊन ते उघडलं.

त्या दिवसापासून गाडी तयार होईपर्यंत काकूंनी कामाचा फडशा पाडला. पडदे झाले, चेनी झाल्या, कुणाच्या तरी लग्नाचा कोट उसवून पुन्हा शिवून झाला. राग येईल असं त्यांना वाटत होतं. राग आला असता तर सोपं गेलं असतं. पण मुलाने चष्मा पुसला होता ना, ते डोळ्यासमोरून हलत नव्हतं. लहानपणी काही लपवायचं असलं की तो असाच चष्मा पुसायचा, आणि काकू कान धरून खरं काढून घ्यायच्या. त्या दिवशी शोरूममध्ये मात्र त्या सीट कव्हरांशी भांडत होत्या.

गाडी तयार झाली तेव्हा वर्कशॉपचा फोरमन म्हणाला, "चला काकू, एक चक्कर मारून आणू. नवा फिल्टर कसा चालतो तेही बघता येईल." काकू त्याच्या शेजारी बसल्या. त्याने ड्रायव्हरची सीट एका झटक्यात पुढे ओढून घेतली, तो बुटका होता. काकू त्या सरकलेल्या सीटकडे बघत राहिल्या. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने वेग वाढवला. चार वर्षं जागेवर गुरगुरणारी गाडी एका सुरात पळायला लागली. बाजूने शेतं गेली, गोदामं गेली, पेट्रोलपंप गेले.

"हिला आठवड्यातून एकदा असं अर्धा तास पळवावं लागतं," फोरमन म्हणाला. "एखादा ड्रायव्हर लावा, नाहीतर तुम्ही शिका. दोन्ही जमणार नसेल तर विकून टाका. नुसती उभी ठेवून वाट बघायची गाडी नाही ही."

"कोणतीच नसते," काकू म्हणाल्या. फोरमनला वाटलं त्या डिझेलच्या गाड्यांबद्दल बोलतायत. त्याने होकार दिला.

घरी आल्यावर काकूंनी मुलाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो कामाला निघायच्या तयारीत असणार. एरवी काकू ही वेळ टाळायच्या.

"झालं का गं गाडीचं?"

"झालं. फुकट करून दिलं."

"वा! मानलं तुला. आता विकलीस तर चांगली किंमत येईल बघ."

"गाडी घेतली त्या दिवशीचं रेकॉर्डिंग होतं त्यांच्याकडे," काकू म्हणाल्या. "सगळं. मी सीट कव्हरं बघायला गेले होते तेव्हाचंही."

तिकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मुलगा म्हणाला, "आई, मी..."

"थांब. तू खोटं बोललास हे सांगायला मी फोन नाही केला. मी काय कमी बोलले? तुझ्या सोयीने ये, इथे काही अडलेलं नाही. चार वर्षं हेच म्हणतेय. साफ खोटं. माझं सगळं अडलंय. रोज सकाळी त्या गाडीत बसून मी तुझी वाट बघत होते, आणि वर येऊन तुला सांगायचे की मजेत आहे. मला तू हवा आहेस रे. गाडी नको, पैसे नकोत. तू चालत आत यायला हवा आहेस."

"तू कधी म्हणालीच नाहीस," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता.

"आता म्हणतेय. ये."

बराच वेळ गेला. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. काकू फोन कानाला लावून उभ्या होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागितल्यावर इतका वेळ थांबावं लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"यंदा नाही जमणार, आई," तो म्हणाला. "आणि कायमचं परत येणं... ते मला वाटत नाही कधी होईल. मी खोटं नाही सांगत आता."

"बघू" म्हणाला असता तर काकूंनी त्या "बघू"वर आणखी चार वर्षं काढली असती. हे "नाही" होतं. काकूंना रडू फुटलं. अगदी मोकळं, आवाज करून, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. नवरा गेला तेव्हाही मुलगा घाबरेल म्हणून त्या अशा रडल्या नव्हत्या.

"तुला उशीर होतोय," थोड्या वेळाने त्या नाक ओढत म्हणाल्या. "जा तू. ठेव."

"होऊ दे उशीर," मुलगा म्हणाला. "रड तू. मी आहे."

काकू पुन्हा रडायला लागल्या. त्याने फोन ठेवला नाही.